टू-फॅक्टर लावलं आणि लॉगिनच बंद पडलं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझं कंप्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, आणि गेल्या काही वर्षांत "व्हायरस काढून द्या" म्हणणारी गिऱ्हाइकं कमी झाली नि "ओटीपी घेत नाहीये" म्हणणारी वाढली. तेच तेच व्हॉट्सॲपवर टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. टू-फॅक्टर म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणं, बहुतेक वेळा एक कोड. एक आधीच सांगतो, बहुतेक वेळा हॅक वगैरे काही झालेलं नसतं, तुमच्याकडचं आणि समोरच्या सर्व्हरकडचं काहीतरी एक जुळत नसतं, कधी घड्याळ, कधी गुप्त की, कधी सिम, कधी नुसती यूएसबीची पिन. नेमकं कुठलं ते शोधायचं.

ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड बघून बघून टाकतोय, तरी चुकीचा कोड म्हणतंय. असं का?

मोबाईलचं घड्याळ बघा. नाही, खरंच आधी तेच बघा.

ऑथेंटिकेटर म्हणजे मोबाईलवर हे कोड दाखवणारं ॲप. होतं काय की सेटअप करताना तुम्ही जो क्यूआर स्कॅन करता त्यात एक गुप्त की असते, ती तुमच्या ॲपमध्ये बसते आणि तीच सर्व्हरकडेही असते, मग दोघंही ती की आणि आत्ताची वेळ घेऊन आपापल्या जागी एकच गणित करतात आणि उत्तर सारखं आलं की तुम्ही आत. मधे कोणी कोणाला काही पाठवत नाही, म्हणून तर विमानात फ्लाइट मोडवरही कोड दिसतो. ही पद्धत म्हणजे टीओटीपी, २०११ साली आरएफसी ६२३८ नावाने तिचं स्टँडर्ड आलं आणि बहुतेक ॲप्स त्यावरच चालतात. साधारण दर ३० सेकंदांनी कोड बदलतो. थोडं मागेपुढे झालं तर सर्व्हर सांभाळून घेतो पण ते आधीचा एखादा कोड चालवून घेण्याइतकंच.

आमच्याकडे हळदीचे एक व्यापारी आले होते, काका तीन दिवस वैतागले होते, ॲप दोनदा काढून परत टाकलेलं. मोबाईल हातात घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं तर मोबाईल बरोबर दहा मिनिटं पुढे. विचारलं तर म्हणाले "मुद्दाम ठेवलंय, सौद्याला उशीर नको व्हायला." घरातलं घड्याळ पुढे ठेवायची आपली सवयच आहे, पण मोबाईलचं ठेवलं तर दहा मिनिटांनी जो कोड यायचा तो आत्ता दिसतो आणि सर्व्हर म्हणतो हे काय भलतंच. सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ इथे जाऊन "आपोआप वेळ" चालू करा, ॲप बंद करून परत उघडा. काकांचं तिथल्या तिथे चालू झालं. सौद्यासाठी हातातलं घड्याळ पुढे करा म्हटलं.

मग दुबईला गेल्यावर वेळ बदलते, तेव्हा कोड बंद पडणार का?

टाइमझोन बदलला तर काही होत नाही, कारण आतलं गणित जगभर एकाच वेळेवर चालतं, भारताचे साडेपाच तास की दुबईचे चार याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. घोटाळा होतो तो टाइमझोन भारताचाच ठेवून हाताने दीड तास मागे करणाऱ्यांचा. घड्याळात दिसायला दुबईची वेळ बरोबर, आतून मात्र मोबाईल दीड तास मागच्या जगात.

क्यूआर मोबाईलवरच दिसतोय, मग त्याच मोबाईलने स्कॅन कसा करू?

आरशासमोर धरून बघणारे लोक मी पाहिलेत, करू नका. क्यूआरच्या खाली बहुतेक ठिकाणी "स्कॅन करता येत नाही?" असं काहीतरी बारीक अक्षरात असतं, त्यावर दाबलं की लांबलचक की दिसते, ती कॉपी करून ॲपमध्ये "सेटअप की टाका" इथे पेस्ट करायची आणि प्रकार "वेळेवर आधारित" ठेवायचा. काउंटरवाला ठेवलात तर ती वेगळी जुनी पद्धत आहे, कोड येईल पण जुळणार नाही.

कॉपी न करता कागदावरून बघून टाइप करत असाल तर ही गोष्ट ध्यानात ठेवा, त्या कीमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं आणि २ ते ७ एवढेच आकडे असतात. शून्य नसतो, एक नसतो, आठ-नऊ पण नसतात. म्हणजे तुम्हाला शून्य वाटतोय तो ओ आहे, आणि एक वाटतोय तो आय किंवा एल आहे. हे माहीत नसल्यामुळे लोकांचे तासन् तास जातात (माझाही एकदा गेलाय).

साईट म्हणते गूगल ऑथेंटिकेटर घ्या, माझ्याकडे मायक्रोसॉफ्टचं आहे. चालेल?

चालेल. साधा सहा आकडी, ३० सेकंदांचा कोड असेल तर कुठलंही टीओटीपी ॲप चालतं, साईट आपलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव लिहून मोकळी होते. शेअर ब्रोकरकडे ३० सप्टेंबर २०२२ पासून टू-फॅक्टर सक्तीचं झालं तेव्हा हाच प्रश्न मला रोज यायचा, तिथेही जिथे टीओटीपीचा पर्याय आहे तिथे तुमचं आहे ते ॲप चालतं.

पण जिथे चालत नाही तेही सांगतो. ऑफिसच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला कोडऐवजी "मंजूर करा" असं नोटिफिकेशन लागत असेल तर त्यांचंच ॲप हवं, कारण तो टीओटीपी नाहीच. स्टीमवर गेम खेळणारी पोरं विचारतात, तिथला कोड पाच अक्षर-आकड्यांचा असतो आणि तो त्यांच्याच ॲपमधून येतो. आणि काही साईट आठ आकडी किंवा वेगळ्या गणिताचा कोड मागतात, क्यूआरमध्ये तसं लिहिलेलंही असतं पण काही ॲप्स ते वाचतच नाहीत आणि खुशाल आपले नेहमीचे सहा आकडे दाखवत बसतात. साईटने आठ मागितले आणि ॲप सहाच देतंय असं असेल तर वेळ घालवू नका, सरळ दुसरं ॲप घ्या.

ई-वे बिलाला टू-फॅक्टर आलंय, तिथे गूगलचं ॲप लावू का?

यार्डात राहून सगळ्यात जास्त उत्तर दिलेला प्रश्न (ई-वे बिल म्हणजे माल पाठवताना जीएसटीसाठी ऑनलाइन काढायचं बिल). नाही. तिथे तीनच रस्ते आहेत, रजिस्टर मोबाईलवर एसएमएस, सरकारचं मेसेजिंगचं संदेस ॲप, किंवा कोड दाखवणारं सरकारी एनआयसी-जीएसटी-शील्ड ॲप. आधी मोठ्यांना लागू झालं, मग १ जानेवारी २०२५ पासून २० कोटींच्या वर उलाढाल असणारे, १ फेब्रुवारीपासून ५ कोटींच्या वरचे आणि १ एप्रिल २०२५ पासून सगळेच. त्यामुळे त्या एप्रिलमध्ये माझ्या दुकानात चहाचे किती कप गेले विचारू नका.

शील्ड ॲप प्ले स्टोअरमध्ये शोधत बसू नका, ते ई-वे बिलच्या पोर्टलवरच टू-फॅक्टरच्या मेनूमध्ये मिळतं आणि तिथूनच घ्यायचं, दुसऱ्या कोणी लिंक पाठवली तर नाही. टाकून रजिस्टर केलं की पुढे त्याला नेट लागत नाही, रेंज लागत नाही, ३० सेकंदांनी कोड बदलतो. गोदामात रेंज नसणाऱ्यांनी तर हेच घ्यावं. आणि हो, ॲपमधली वेळ पोर्टलशी जुळली पाहिजे, म्हणजे परत तेच घड्याळ.

दुसरा घोळ असा की पोर्टलवर रजिस्टर असतो मालकाचा नंबर, बिल काढतो दिवाणजी, आणि मालक गेलेत लग्नाला. मग फोनवर ओटीपी विचारणं सुरू. त्यापेक्षा दिवाणजीच्या नावाने सब-युजर काढा, त्याचा नंबर टाका, त्याला त्याचा वेगळा ओटीपी येतो.

एसएमएस ओटीपी येतच नाही. ॲपवाला नकोय, एसएमएसच हवा, पण येत नाही.

एकेक बघत जा. सिम नुकतं बदललंय का किंवा ई-सिम केलंय का? मग २४ तास एसएमएस बंदच असतात. फसवणूक करणाऱ्याने तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं तरी त्याला लगेच ओटीपी मिळू नये म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे ती, गैरसोय आपली होते पण बरोबर आहे. कस्टमर केअरवर भांडून काही होत नाही, एक दिवस थांबा.

तसं नसेल तर दोन सिमपैकी कुठल्या नंबरवर रजिस्टर आहे ते बघा, ते सिम सेटिंगमध्ये बंद नाही ना, त्याची वैधता संपली नाही ना. मग मेसेज ॲपमधलं स्पॅमचं फोल्डर उघडा, खरे ओटीपी तिथे जाऊन पडलेले मी कितीदा काढलेत. डीएनडी (जाहिरातींचे मेसेज बंद करायची सोय) लावलंय म्हणून ओटीपी अडतो हा मात्र गैरसमज आहे, ओटीपीला डीएनडी लागत नाही.

आणि कधी कधी तुमची काहीच चूक नसते. आपल्याकडे कंपनीला एसएमएस पाठवायचा तर पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा मजकूर दोन्ही आधी रजिस्टर करावं लागतं, न जुळणारा मेसेज मधल्यामध्ये गाळला जातो. मार्च २०२१ मध्ये ही चाळणी पहिल्यांदा कडक केली आणि देशभर ओटीपी अडकले, शेवटी ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ती काही दिवस थांबवली. आजही एखाद्या परदेशी साईटचा ओटीपी येत नसेल आणि बाकी सगळ्यांचे येत असतील तर दोष तुमच्या मोबाईलचा नाही, त्या साईटवर ऑथेंटिकेटर ॲप लावा आणि विषय संपवा.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याचा इथला नंबर बंद पडला आणि आता सगळंच अडलंय.

हे सगळ्यात अवघड. नंबर बंद होऊन ९० दिवस झाले की तो दुसऱ्या कोणालाही दिला जाऊ शकतो, मग तुमच्या मुलाचे ओटीपी त्या अनोळखी माणसाला. नंबर अजून गेला नसेल तर लगेच रिचार्ज मारा, छोट्यातला छोटा वैधतेचा. नंबर गेलाच असेल तर जीमेल वगैरे ठिकाणी तो काढून तिकडचा नंबर किंवा ऑथेंटिकेटर टाका. बँकेच्या बाबतीत माझ्यासारख्याचा उपयोग नाही, नंबर बदलायचा अर्ज बँकेतच द्यावा लागतो. आणि पुढच्या वेळी जाण्याआधी, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर नव्हे, महिनाभर आधी, जिथे जिथे एसएमएस आहे तिथे तिथे ॲप लावून घ्या आणि सिमला रोमिंग चालू ठेवा.

मराठी कीबोर्डवरून कोड टाकला तर घेत नाही का?

बऱ्याच साईट नाही घेत. आपल्याला सात तो सातच, पण देवनागरी सात आणि इंग्रजी सात ही कंप्युटरला दोन वेगळी चिन्हं आहेत, आणि चौकटीत इंग्रजीच आकडा हवा असं बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. कधी नुसती चौकट लाल होते आणि कारण काही सांगत नाही. कीबोर्ड इंग्रजी करून टाका.

टू-फॅक्टर लावल्यापासून ऑफिसचा स्कॅनर मेल पाठवत नाही आणि जुनं आउटलुक पण पासवर्ड मागत बसलंय.

कारण सोपं आहे, त्या बिचाऱ्या स्कॅनरला कोड कसा टाकायचा माहीत नाही. त्याला फक्त आयडी आणि पासवर्ड एवढंच कळतं. जीमेलमध्ये यासाठी ॲप पासवर्ड असतो, टू-फॅक्टर चालू असेल तरच तो मिळतो, १६ अक्षरांचा, चार-चारच्या गटात दाखवतात. तो नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायचा, मधल्या मोकळ्या जागा न देता. ३० मे २०२२ पासून गूगलने साध्या खात्यांवर असल्या जुन्या उपकरणांना नुसत्या नेहमीच्या पासवर्डने येऊ देणं बंद केलं, त्यामुळे "टू-फॅक्टर काढूनच टाकतो" हा उपायही आता चालत नाही, काढलात तर उलट ॲप पासवर्डही जाईल.

एका सोसायटीच्या ऑफिसात दर काही महिन्यांनी स्कॅनर बंद पडायचा आणि मला बोलवायचे. मी जायचो, नवीन ॲप पासवर्ड टाकायचो, चहा प्यायचो, यायचो. तिसऱ्या खेपेला विचारलं तेव्हा कळलं की सेक्रेटरी सुरक्षेसाठी म्हणून जीमेलचा पासवर्ड नियमाने बदलतात. जीमेलचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात! आता ते पासवर्ड बदलतात त्या दिवशीच मला फोन करतात.

आउटलुक डॉट कॉम किंवा हॉटमेलचं खातं असेल तर वेगळं आहे, तिथे १६ सप्टेंबर २०२४ पासून जुन्या मेल प्रोग्रॅमना नुसता पासवर्ड देऊन आत जाताच येत नाही, ॲप पासवर्डनेही काम होत नाही. आउटलुक २०१० सांभाळून बसलेल्यांना माझं एकच सांगणं, नवीन मेल प्रोग्रॅम घ्या नाहीतर ब्राउझरमध्ये मेल बघा.

जुन्या आयपॅडवर ॲपल आयडी टाकला तर कोड टाकायला चौकटच येत नाही.

आयपॅडमधली सिस्टिम आयओएस ९ च्या आधीची असेल तर असंच होतं. तुमच्या दुसऱ्या ॲपलच्या उपकरणावर कोड येईल तो पासवर्डच्या लगेच पुढे, त्याच चौकटीत जोडून टाका. विचित्र वाटतं पण चालतं.

मोबाईल बदलतोय, कोड नवीन मोबाईलवर कसे नेऊ?

जुना मोबाईल एक्स्चेंजमध्ये देण्याआधी विचारलंत, तुमचं अभिनंदन. बहुतेक लोक दसऱ्याच्या ऑफरमध्ये जुना देऊन टाकतात आणि मग येतात.

गूगल ऑथेंटिकेटरमध्ये ट्रान्सफरचा पर्याय आहे, जुन्यावर एक मोठा क्यूआर बनतो आणि नव्यावर तो स्कॅन करायचा. पण हा क्यूआर नेहमीच्या क्यूआरसारखा नसतो, सगळी खाती एकत्र बांधलेली असतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या ॲपने स्कॅन केला तर कित्येकदा काहीच होत नाही. एप्रिल २०२३ पासून गूगल खात्यात सिंक पण आलंय. ते चालू असेल तर नवीन मोबाईलवर लॉगिन केलं की कोड हजर, मात्र गूगलच्याच लॉगिनचा कोड त्यातच असेल तर किल्ली कुलुपाच्या आत राहिल्यासारखं होतं, म्हणून गूगलचे बॅकअप कोड, म्हणजे आधीच काढून ठेवायचे राखीव कोड, वेगळे हवेतच.

मायक्रोसॉफ्टवाल्यात वेगळी गोम आहे, अँड्रॉइडवर घेतलेला बॅकअप आयफोनवर उघडत नाही आणि आयफोनचा अँड्रॉइडवर. अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट जाताय तर एकेक खातं नव्याने लावावं लागेल. ऑथी नावाचं आणखी एक कोडवालं ॲप आहे, त्यातून तर कोड बाहेर काढायची सोयच नाही, आणि त्यांचं कंप्युटरवरचं ॲप मार्च २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे फक्त लॅपटॉपवर वापरणारे तेव्हा चांगलेच अडकले.

सगळ्यात खात्रीचा रस्ता कंटाळवाणा आहे: दोन्ही मोबाईल शेजारी ठेवायचे, एकेका साईटवर जुन्या कोडने आत जायचं, टू-फॅक्टर नव्याने लावायचं, बाहेर पडून नव्या कोडने परत आत येऊन बघायचं, मग पुढची साईट. सगळं झाल्यावर आठवडाभर जुना मोबाईल कपाटात तसाच ठेवा. मी स्वतः हे गिऱ्हाइकांना सांगतो आणि माझा मोबाईल मात्र घाईत फॉरमॅट मारला होता. एका होस्टिंग कंपनीचं खातं त्यात गेलं, ओळखपत्रं पाठवून, मेलवर मेल करून ते परत मिळायला अकरा दिवस लागले.

यूएसबीवाली सिक्युरिटी की मागवली, मोबाईलला लागतच नाही.

ही की म्हणजे कोडऐवजी मोबाईलला किंवा कंप्युटरला लावायचं छोटं उपकरण. आधी तिची पिन, म्हणजे जोडायचं टोक बघा. जुन्या पद्धतीची चौकोनी यूएसबी आणि मोबाईल टाइप-सी असेल तर ओटीजी कनेक्टर (यूएसबीची वस्तू मोबाईलला जोडायचा छोटा तुकडा) लावून बहुतेक वेळा चालते, पण काही मोबाईलमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि थोड्या वेळाने ते आपोआप बंद होतं, म्हणून काल चालली आणि आज नाही असं वाटतं. आयफोन १५ पासून टाइप-सी आहे, त्याआधी लाइटनिंग. की एनएफसीवाली असेल तर मोबाईलच्या पाठीला टेकवून चालते, आयफोन ७ पासून पुढे, पण आपल्याकडच्या स्वस्त अँड्रॉइडमध्ये एनएफसी नसतंच कित्येकदा, घेण्याआधी तपासा.

जुनी वापरलेली की कोणी स्वस्तात देत असेल तर ती फक्त यूटूएफवाली, म्हणजे जुन्या पद्धतीची आहे का विचारा. दुसरी पायरी म्हणून ती अजून चालेल पण पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, तिच्यात साठवता येणार नाही. आणि घेतलीच तर दोन घ्या, एक हरवणार हे धरून चाला. आपल्या बँकांच्या लॉगिनला ती लागेल या आशेने मात्र घेऊ नका.

"तुम्हीच आहात का?" हे नोटिफिकेशन मोबाईलवर येतच नाही.

बॅटरी वाचवणारं सेटिंग. काही कंपन्यांचे मोबाईल मागे चालणारी ॲप्स मारून टाकतात, त्या ॲपला ऑटोस्टार्ट द्या आणि बॅटरीचं बंधन काढा. तोवर ॲप हाताने उघडलं तर विनंती आत दिसते बऱ्याचदा. तुम्ही लॉगिन करत नसताना ते नोटिफिकेशन आलं तर मात्र "नाही" दाबा आणि पासवर्ड बदला.

दुकानात तिघं एकच अकाउंट वापरतो, कोड एकाच्याच मोबाईलवर येतो.

सेटअप करताना तोच क्यूआर तिघांनी स्कॅन करा, तिघांकडे सारखाच कोड दिसेल, साईटला कळतही नाही. नंतर करायचं म्हटलं तर परत नव्याने लावावं लागतं कारण क्यूआर पुन्हा दाखवत नाहीत. एक माणूस काम सोडून गेला की त्या दिवशीच नवीन क्यूआर काढा, नाहीतर तो घरी बसून कोड बघत राहील.

व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिन ऑथेंटिकेटरमध्ये का दिसत नाही?

कारण तो तुम्हीच ठरवलेला पिन आहे, बदलणारा कोड नाही. विसरलात आणि ईमेल दिलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं.

बॅकअप कोड कुठे ठेवू?

गूगल आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. त्याचा स्क्रीनशॉट त्याच मोबाईलमध्ये ठेवला तर काय उपयोग, मोबाईल गेला की तोही गेला. कागदावर लिहा, वापरलेला खोडत जा. हळदवाल्या काकांनी रोजमेळाच्या मागच्या पानावर लिहिलेत आणि शेजारी कुठल्या खात्याचे ते मुद्दाम लिहिलेलं नाही, मला आवडलं ते.

तुम्हालाच फोनवर कोड सांगतो, तुम्ही इथूनच करून द्या ना.

नाही. मलाही सांगायचा नाही. दुपारी दोन ते चार सोडून दुकान उघडं असतं, मोबाईल घेऊन या, आणि जुना पण आणा.